डीएएस-२८ मध्ये पाय नसतात: आमवात आटोक्यात असताना तीनदा पडलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे आलेल्या रेफरलच्या चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या. रुमेटॉइड आर्थ्रायटिस (म्हणजे आमवात), ११ वर्षं. आजार आटोक्यात, डीएएस-२८ चा (आमवात किती जोरात आहे हे मोजण्याचा) आकडा २.४. पडल्यामुळे उजवा खांदा दुखतो, व्यायाम द्यावेत. चिठ्ठी घेऊन आलेल्या बाई ५४ वर्षांच्या, पेशाने शिक्षिका. खांदा खरोखरच दुखत होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. चिठ्ठीतली एकही ओळ खोटी नव्हती. तरीही चिठ्ठीबरहुकूम मी फक्त खांद्यावर काम केलं असतं, तर त्या लवकरच पुन्हा पडल्या असत्या असं मला आजही वाटतं.

ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. बाकी प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारात पडण्याचा धोका आपण वयात शोधतो, रक्ताच्या रिपोर्टात शोधतो, हातांच्या सांध्यांत शोधतो. या बाईंचा धोका बुटांच्या आत होता, आणि त्यांना कित्येक वर्षांत कुणी बूट काढायला सांगितलं नव्हतं.

पडल्या कशा

"कशा पडलात?" असं विचारलं की पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. त्यांनीही तेच दिलं: "माझंच लक्ष नव्हतं हो." मग मी प्रश्न बदलला. गेल्या वर्षभरात पडलात, घसरलात, तोल जाऊन भिंतीला किंवा पलंगाला धरावं लागलं, असं किती वेळा झालं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही तिसरी वेळ. आधीचं घरी सांगितलं नाही. सांगितलं की एकटीला कुठे जाऊ देणार नाहीत."

नुसतं "पडलात का?" विचारलं तर माणसं फक्त लागलेलं पडणं मोजतात. जिथे खरचटलंसुद्धा नाही, ते पडणं त्यांच्या हिशेबात धरलंच जात नाही. धोका ओळखायला मात्र तेच सर्वांत उपयोगी असतं. पुढच्या वर्षी कोण पडेल याचा अंदाज बांधायचा तर गेल्या वर्षी कोण पडलं, याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

पहिल्यांदा त्या आठ महिन्यांपूर्वी पडल्या. पहाटेची वेळ, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता उठल्या, पायात मऊ स्पंजच्या चपला. बाथरूमच्या दाराशी डावीकडे वळताना डावा पाय लटपटला आणि त्या खाली बसल्या. दुसऱ्यांदा चार महिन्यांपूर्वी, दुपारी घरी एकट्या असताना. मागच्या खोलीत फोन वाजला, त्या झटकन वळल्या आणि कुशीवर पडल्या. यावेळचं पूर्ण त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, त्याकडे पुढे येते. तिसऱ्यांदा तीन आठवड्यांपूर्वी, शाळेच्या जिन्याची शेवटची पायरी उतरताना. संध्याकाळ झाली होती, खांद्याला पिशवी होती, मागून एका मुलीने काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला यांनी मान वळवली.

या तिसऱ्या वेळी त्या खांद्यावर पडल्या, हातावर नाही. सहसा पडताना हात आपोआप पुढे येतो. यांचे मनगटाचे सांधे अकरा वर्षं दुखत होते आणि मनगटावर भार येऊ द्यायचा नाही ही सवय हाडीमाशी खिळली होती. हात पुढे न येण्याचं कारण तेच असावं असा माझा अंदाज आहे. खांद्याची दुखापत हा मनगटांना जपण्याचाच परिणाम असावा.

तिन्ही प्रसंगांत त्या सरळ चालत नव्हत्या. एकतर वळत होत्या, नाहीतर लक्ष दुसरीकडे होतं. दोनदा उजेड कमी होता. निसरडी फरशी किंवा पायात अडकलेली वायर अशी बाहेरची काही सबब एकाही वेळी नव्हती. "लक्ष नव्हतं" हे खरं होतं, पण प्रश्न असा की ५४ व्या वर्षी सपाट जमिनीवर उभं राहायला एवढं लक्ष का लागावं?

मँचेस्टर भागात आमवाताच्या ५५९ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास आहे. त्यात त्या एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण पडले. आधी पडल्याचा इतिहास, पायांच्या सांध्यांची सूज आणि दुखरेपणा, थकवा, मनावर किंवा झोपेवर परिणाम करणारी औषधं, या गोष्टी पडण्याशी जोडलेल्या निघाल्या. वय मात्र त्या यादीत नव्हतं. तरुण वयात आजार जडलेल्या माणसाला "तुमचं अजून पडायचं वय नाही" असं सांगून परत पाठवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आधी मान, मग पाय

आमवाताचा रुग्ण तोल जातो म्हणून आला की व्यायाम सुरू करण्याआधी मी मानेची चौकशी करते. हा आजार मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधले स्नायुबंध सैल करू शकतो. तसं झालं तर पहिला मणका दुसऱ्यावरून सरकून मज्जारज्जूवर दाब येतो, आणि चाल बिघडण्याचं खरं कारण तिथे असू शकतं. डोक्याच्या मागे दुखतं का? मान वाकवली की पाठीतून विजेसारखी कळ जाते का? बटणं लावताना बोटं अलीकडे अवघडतात का? पायांत ताठरपणा, लघवीच्या सवयीत बदल? सगळ्याला नाही असं उत्तर आलं, प्रतिक्षिप्त क्रियाही नेहमीसारख्या होत्या. तरी मी त्यांच्या संधिवाततज्ज्ञांना विनंती करून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे एक्स-रे काढून घेतले. त्या दोन मणक्यांमधलं अंतर २ मिलिमीटर भरलं. प्रौढांमध्ये ते ३ पर्यंत चालतं. हे कळेपर्यंत मान वळवण्याचा एकही व्यायाम मी दिला नाही. या पायरीवर घाई करू नये, एवढंच सांगते.

मग बूट आणि मोजे उतरवले. त्या संकोचल्या. "पाय बघण्यासारखे नाहीत राहिले," म्हणाल्या.

दोन्ही पायांचे चवडे रुंद झालेले. अंगठे बाहेरच्या बाजूला कललेले, बाकीची बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळून वर उचललेली. उभं केलं तर डाव्या पायाची मधली तीन बोटं जमिनीला टेकतच नव्हती. चवड्याखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या मुळाशी जाड घट्टे. चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर त्यांनी पाय ओढून घेतला. बोटांच्या मुळाशी बोट फिरवलं की लिबलिबीत सूज लागत होती. डावी टाच मागून पाहिली तर बाहेर कललेली, कमान बसलेली. डाव्या एका पायावर उभं राहून टाच उचला म्हटलं तर टाच उचलली गेलीच नाही. पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने येणारा जो टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पायाची कमान तोलून धरतो, त्याचं काम संपत आल्याची ती खूण.

"आजार आटोक्यात आहे" आणि "चवड्यात सूज आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी? डीएएस-२८ मध्ये ज्या २८ सांध्यांची सूज आणि दुखरेपणा मोजतात, ते म्हणजे खांदे, कोपरं, मनगटं, हाताच्या बोटांचे सांधे आणि गुडघे. घोटे नाहीत, पावलं नाहीत. रोजच्या ओपीडीत आजाराचा कल पाहायला हा आकडा फार उपयोगी आहे आणि मला तो मोडीत काढायचा नाही. २.६ च्या खाली आकडा आला की आजार शमला असं धरतात. पण माणूस उभा राहतो तो या हिशेबात न धरलेल्या सांध्यांवर. आमवात बऱ्याच जणांत पावलांच्या पुढच्या भागातूनच सुरू होतो, आणि हाताची सूज औषधांनी गेल्यावरही तिथे तो धुमसत राहू शकतो. या बाईंच्या फाइलमध्ये एका गुडघ्याच्या किरकोळ सुजेची नोंद होती. चवड्यांबद्दल एक शब्द नव्हता.

तोल जातो तो नेमका कुठे

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि पायांकडून येणारी जाणीव. पायांची जाणीव म्हणजे तळव्याची त्वचा, घोट्याचे सांधे आणि स्नायू यांतून येणारे संदेश. शरीर पुढे झुकलं की बोटं जमिनीत दाबली जातात आणि घोटा शरीराला मागे ओढून आणतो. यांची बोटं जमिनीला टेकत नव्हती, म्हणजे पायाचा आधार पुढच्या बाजूने तेवढा आखूड झाला होता. चवडा दुखतो म्हणून त्या भार टाचेवर ठेवून चालत. घोटा सुजून आखडलेला, त्यामुळे तो किती वाकला आहे याची खबरही धड पोचत नव्हती. डोळे मिटून डावा घोटा उजव्याइतकाच वाकवा म्हटलं तर दर वेळी चुकत होता. नायलॉनच्या तंतूने तळव्याची स्पर्शसंवेदना तपासली, ती घट्ट्यांची जागा सोडून सगळीकडे शाबूत होती. नसांचा आजार नव्हता. खबर बिघडत होती ती सांध्यांत.

उरली भिस्त डोळ्यांवर. म्हणूनच दिवसा त्या बहुतेक वेळा ठीक असत आणि उजेड कमी झाला की तोल जाई. त्यात वर दूरचं आणि खाली जवळचं दाखवणारा चष्मा होता. असा चष्मा लावून जिना उतरताना पायरी खालच्या, वाचायच्या काचेतून दिसते आणि तिच्या खोलीचा अंदाज चुकतो.

गुडघ्याच्या त्या किरकोळ सुजेलाही मी किरकोळ मानत नाही. सांध्यात थोडं पाणी साठलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा आदेश मज्जारज्जूतच दबतो. स्नायू धडधाकट असतो, पण त्याला पुरती हाक पोचत नाही. "पाय अचानक सोडून देतो" असं रुग्ण म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं. शिवाय दीर्घ दाहात स्नायू झिजत जातो आणि चरबी तशीच राहते, त्यामुळे वजनकाट्याला काही कळत नाही. यांचं वजन दहा वर्षं जवळपास तेवढंच होतं. मांड्या मात्र बारीक झाल्या होत्या.

शेवटचा दुवा रक्तदाबाचा. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजला तेव्हा १३८/८४, उभं केल्यावर एका मिनिटाने ११४/७२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरतात. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. त्याखेरीज रात्री अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम, दोन वर्षांपूर्वी दुखण्यामुळे झोप लागत नव्हती तेव्हा सुरू झालेली आणि मग कुणी बंद न केलेली. या गोळीने गुंगी येते आणि उभं राहताना रक्तदाब उतरतो. पहाटे उठणं, अंधार, मऊ चपला, सकाळचा आखडलेपणा आणि ही गोळी, सगळं दाराशी त्या एका वळणावर एकत्र आलं होतं.

आकडे, आणि एका चाचणीबद्दल

खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला १४.६ सेकंद लागले. १२ किंवा जास्त लागले तर धोका धरतात. हात न टेकता पाच वेळा उठून बसायला १९ सेकंद, इथे १५ च्या वर काळजी. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेषेत उभं राहणं १० सेकंद जमावं, ते ४ सेकंद जमलं. एका पायावर उजवीकडे ३ सेकंद, डावीकडे दीड. स्पंजवर डोळे मिटून उभं केलं तर पाचव्या सेकंदाला मी त्यांना धरलं. पडण्याच्या धास्तीची सात प्रश्नांची प्रश्नावली, ज्यात ७ म्हणजे निर्धास्त आणि २८ म्हणजे कमाल धास्ती, तिथे १९.

बर्ग बॅलन्स स्केलवर मात्र ५६ पैकी ५२ गुण आले. ही चाचणी वयोवृद्ध, अशक्त माणसांसाठी बेतलेली आहे आणि त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. नोकरी करणाऱ्या, दोन मजले चढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला ती सोपी पडते. फक्त हीच चाचणी घेतली असती तर मी त्यांना "तोल चांगला आहे" असं लिहून दिलं असतं. दाहाच्या आजारातल्या मध्यमवयीन रुग्णांना वळणं, अरुंद पाया, मिटलेले डोळे आणि बोलत चालणं यांतच तपासावं, असं माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं. चालताना मी त्यांच्या वर्गाबद्दल सहज विचारलं तर उत्तर द्यायला त्या थांबल्या. बोलायचं तर चालणं थांबवावं लागतं, हे लक्षण नोंदवहीत लिहून ठेवण्याजोगं आहे.

व्यायामाआधीची कामं

पहिले दोन आठवडे व्यायामापेक्षा पत्रं आणि फोन जास्त झाले. संधिवाततज्ज्ञांना मी पायांचे निष्कर्ष लिहून कळवले. त्यांनी चवड्यांची सोनोग्राफी करवली, तीत दाह चालू असल्याचं स्पष्ट दिसलं, आणि औषधांत त्यांनी बदल केला. त्यांनी हे मोकळेपणाने घेतलं याचं मला फार बरं वाटलं. फॅमिली डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केली आणि रक्तदाबाच्या गोळीचा डोस व वेळ बदलली. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम नऊ वर्षं चालू होतं, म्हणून हाडांची घनता मोजली. मांडीच्या हाडाच्या मानेशी टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतली घनता) उणे २.३. उणे २.५ ही ठिसूळपणाची रेघ, पण स्टेरॉइड घेणाऱ्याचं हाड त्या रेघेच्या अलीकडेही मोडू शकतं, त्यामुळे डॉक्टरांनी हाडांवरचा उपचार सुरू केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहेर चालण्यासाठी फक्त दूरचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा दिला.

बूट बदलायला तीन आठवडे गेले. पुढे रुंद आणि खोल, टाचेभोवती घट्ट, तळ पातळ पण टणक, बांधायला पट्टी, कारण बोटांना नाडीची गाठ जमत नव्हती. आत कमानीला आधार आणि चवड्याच्या किंचित मागे उंचवटा, म्हणजे दुखऱ्या हाडांच्या टोकांवरचा भार मागे सरकतो. हा उंचवटा नेमक्या जागी हवा. अर्धा सेंटिमीटर पुढे गेला तर तो दुखऱ्या जागेवरच बसतो. पहिल्या खेपेला तसंच झालं आणि परत करावा लागला. घरातल्या स्पंजच्या चपलांवरून आमचा थोडा वादही झाला. त्यांना त्या मऊ वाटत, दुखऱ्या पायाला मऊ हवंच असतं. पण जाड मऊ तळामुळे पायाला जमीन कळत नाही. शेवटी घरातही तसेच बांधायचे, टणक तळाचे सँडल त्यांनी घेतले आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाजवळ रात्रभर जळणारे छोटे दिवे लावले.

व्यायाम

वेळ ठरवली सकाळी अकरानंतरची, आखडलेपणा उतरल्यावरची. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. सुरुवात उंच खुर्चीवरून हात न टेकता उठण्याने, दोन्ही टाचा एकत्र उचलण्याने, आणि टेबलाजवळ पाय एकापुढे एक ठेवून उभं राहण्याने. टेबल घट्ट पकडायचं नाही, पुढचा हात त्यावर नुसता टेकवायचा. मनगट वाचतं आणि आधाराची सवयही लागत नाही. त्यानंतर भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, बाजूला पाऊल टाकणं, आठच्या आकड्यात चालणं, छोट्या पावलांनी वळणं.

वळण्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, कारण त्या वळतानाच पडत होत्या. एका पायावर गिरकी न घेता तीन-चार लहान पावलांत वळायचं, आधी नजर, मग पाय. ऐकायला सोपं आहे. पण फोन वाजतो तेव्हा माणूस पन्नास वर्षांच्या सवयीनेच वळतो. म्हणून मी मुद्दाम मागून हाक मारत असे.

किती करायचं याची एक साधी खूण ठरवली होती. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत मूळ पातळीवर आलं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा जास्त सुजला, तर पुढच्या वेळी भार कमी. "दुखलं की थांबा" हा सल्ला आमवाताच्या रुग्णाला देऊ नये. थोडंफार तर रोजच दुखतं, मग माणूस कायमचाच थांबतो.

पाचव्या आठवड्यात माझं चुकलं. आकडे छान सुधारत होते, मी उत्साहात त्यांना स्पंजवर एका पायावर उभं केलं आणि तेही सलग दोन दिवस. स्पंजवर तोल सावरायला चवडा सतत काम करतो. तिसऱ्या दिवशी डावा चवडा लाल होऊन सुजला आणि पुढचे दहा दिवस आजारच उसळला. तो माझ्यामुळेच उसळला असं खात्रीने म्हणता येणार नाही, औषध बदलल्यालाही थोडेच दिवस झाले होते. पण तेवढी घाई करायची गरज नव्हती आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं. त्या दहा दिवसांत व्यायाम पूर्ण बंद केले नाहीत. खुर्चीत बसून मांडीचे स्नायू आवळणं, घोटे हलवणं, बसल्या बसल्या भार सरकवणं एवढं चालू ठेवलं. सूज असताना स्नायू फार झपाट्याने उतरतो आणि परत यायला महिने घेतो.

जमिनीवरून उठणं

चौथ्या आठवड्यात, व्यायाम संपल्यावर बूट घालता घालता, त्यांनी दुसऱ्या पडण्याबद्दल सांगितलं. फोन वाजून थांबला. लागलं फारसं नव्हतं. पण उठता येईना. उठायला हात टेकावे लागतात आणि मनगटं भार घेईनात. गुडघ्यावर यायचं तर सुजलेला गुडघा फरशीवर टेकवेना. जवळच्या खुर्चीपर्यंत सरकायला, मग कोपरांनी अंग वर घ्यायला चाळीस मिनिटं लागली. "पडायची भीती नाही वाटत हो," त्या म्हणाल्या, "खाली राहायची वाटते." त्या दिवसापासून घरी एकट्या असल्या की त्या बहुतेक वेळ पलंगावरच बसून राहत होत्या. प्रश्नावलीतला तो १९ चा आकडा मला तेव्हा समजला.

तोलाचे व्यायाम देणारे आपण सगळे पडू नये यासाठी शिकवतो. हात आणि पाय दोन्ही आजारी असलेल्या माणसाला पडल्यावर उठायचं कसं हे स्वतंत्र शिकवावं लागतं, कारण उठण्याची नेहमीची पद्धत हातांवर उभी असते. आम्ही उलट्या क्रमाने शिकलो. आधी खुर्चीतून उभं राहणं. मग खुर्चीपुढे जाड गादीवर गुडघा टेकवून उठणं. मग दोन्ही गुडघ्यांवरून. मग कुशीवरून कोपरावर येणं. शेवटी सपाट झोपलेल्या स्थितीतून. भार तळहातावर कुठेच नाही, कोपर आणि पुढचा हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवायचा. गुडघ्याखाली घ्यायला उशी, ती कुठल्या खोलीत कुठे असते हेही ठरवलं. पहिल्यांदा त्यांनी ठाम नकार दिला आणि मी आग्रह धरला नाही. दोन आठवड्यांनी स्वतःच म्हणाल्या, आज खाली बसून बघू. सपाट झोपलेल्या स्थितीतून उठायला पहिल्या दिवशी सहा मिनिटं लागली, तीही दोनदा मदत घेऊन. बाराव्या आठवड्यात दीड मिनिट, मदतीशिवाय. घरच्यांनाही एकदा बोलावून दाखवलं. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलायचं नाही, खुर्ची आणून द्यायची. त्या दिवशी घरच्यांना पहिल्यांदा कळलं की त्या तीनदा पडल्या होत्या.

चौदा आठवड्यांनंतर

तीन मीटर चालून परत बसणं १०.४ सेकंदांवर आलं, पाच वेळा उठणं १३.२ वर. पाय एका रेषेत ठेवून १० सेकंद दोन्ही बाजूंनी पूर्ण. एका पायावर उजवीकडे ९ सेकंद, डावीकडे ५. उभं राहिल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा ८ नेच उतरत होता. धास्तीची प्रश्नावली १९ वरून १२ वर. खांदा बरा झाला. त्याला सहा आठवडे पुरले आणि त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

यातलं किती व्यायामाने झालं, किती नव्या औषधाने, किती बुटांनी आणि किती एक गोळी बंद केल्याने, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. उभं राहिल्यावरचा रक्तदाब सुधारला तो औषधांमुळे, हे उघड आहे. उठण्याचा वेग वाढला त्यात गुडघ्याची सूज उतरण्याचा वाटा मोठा असावा. वळताना थांबून न राहता बोलता येऊ लागलं, ते मात्र सरावाचं फळ असं मी मानते.

नंतरच्या सहा महिन्यांत त्या एकदा पडल्या. रस्त्याच्या कडेची उंची चुकली, गुडघ्यावर आणि कोपरावर आल्या. खरचटलं, हाड मोडलं नाही. शेजारच्या बाकाला कोपर टेकवून स्वतः उठल्या आणि त्याच संध्याकाळी घरी सांगितलं.

डाव्या पायावर टाच अजूनही उचलत नाही. तो टेंडन व्यायामाने परत येणार नाही, हे मी त्यांना सातव्या आठवड्यातच स्पष्ट सांगितलं होतं. चवड्यातली झिजलेली हाडं सरळ करून अंगठ्याचा सांधा पक्का करण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय अस्थिरोगतज्ज्ञांनी समोर ठेवला आहे. चवड्याचं दुखणं त्याने बरंच कमी होईल, पण काही आठवडे पायावर पूर्ण भार देता येणार नाही, आणि त्या काळात कुबडीचा भार यांची मनगटं झेलणार नाहीत. पुढचा हात टेकवता येईल अशा आधाराचा वॉकर आम्ही मागवून ठेवला आहे. तो त्या अंगणात वापरून बघत आहेत. निर्णय अजून झालेला नाही. मागच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा पिशवीतून घरातले सँडल काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि तळ उलटा करून दाखवला: डाव्या टाचेची आतली कड पुन्हा झिजू लागली आहे.